मांजराचे डोळे आले, तर आधी काय बघायचं?

(सामुदायिक रेडिओवर आम्ही पशुसखींनी दिलेल्या माहितीचं हे लेखी रूप.)



आज शेळीबद्दल नाही, गाईबद्दल नाही आणि कोंबड्यांबद्दलही नाही. आज आपण मांजराबद्दल बोलणार आहोत. गावात शेळ्यांना जंताचं औषध द्यायला आम्ही जातो, तेव्हा सगळं काम उरकल्यावर कोणीतरी हळूच विचारतं, "ताई, आमच्या मांजराचे डोळे चिकटलेत, काय घालू?" विचारताना आवाज जरा खालीच असतो. मांजरासाठी काय दवाखाना करायचा, असं लोक म्हणतील याची भीती असते.

तर आधी ही लाज बाजूला ठेवू. आपल्या धाराशिव जिल्ह्यात घरोघरी सोयाबीन, तूर, उडीद आणि ज्वारीची पोती असतात. बी म्हणून राखलेलं धान्यही घरातच असतं. उंदीर-घूस नुसतं धान्य खात नाहीत; पोती कुरतडतात, लेंड्या-मुतानं धान्य नासवतात. घरात फिरती भाटी असली की त्यांना वचक बसतो. शिवाय तिच्यावर लेकरांचा जीव असतो, म्हाताऱ्या माणसाला तिची सोबत असते. अशा मुक्या जिवाचा डोळा जाणं ही काही लहान गोष्ट नाही. आणि वेळेवर नीट बघितलं तर यातले बरेच डोळे वाचतात, म्हणून हा विषय घेतला.

डोळे येतात म्हणजे काय होतं?

मांजराची खालची पापणी अलगद खाली ओढली की आत फिकट गुलाबी, ओलं, पातळ आवरण दिसतं. हेच आवरण पापणीच्या आतून जाऊन डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरलेलं असतं. त्याला सूज आली, ते लाल झालं, की आपण म्हणतो डोळे आले. मग डोळ्यातून पाणी येतं, चिपडं धरतात, पापण्या चिकटतात आणि मांजर डोळा बारीक करून बसतं.

मांजराला एक तिसरी पापणीही असते. ती नाकाकडच्या कोपऱ्यात दडलेली असते. डोळा दुखायला लागला, किंवा मांजर आजारी पडून अशक्त झालं, की ती पांढरट पडद्यासारखी वर सरकते आणि अर्धा डोळा झाकून टाकते. आपल्याकडे जनावराच्या डोळ्यात असं काही दिसलं की 'वडस आलं' म्हणतात आणि ते कापून काढणारेही भेटतात. मैत्रिणींनो, मांजराचा हा पडदा कोणालाही कापू देऊ नका. तो रोग नाही, तो डोळ्याचं रक्षण करणारा अवयव आहे. दुखणं बरं झालं की तो आपोआप जागेवर जातो.

मांजराचे डोळे कशामुळे येतात?

माणसाचे डोळे आले की आपण साथीचा विचार करतो. मांजरातही बहुतेक वेळा साथीचंच कारण असतं, पण त्यांचे जंतू वेगळे असतात.

सगळ्यात जास्त आढळतो तो मांजराचा हर्पिस विषाणू. अमेरिकेत १९५८ साली संशोधकांनी त्याची पहिली नोंद केली. आज तो जगात सगळीकडे आहे. यात डोळ्यांबरोबर शिंका येतात, नाक गळतं, ताप येतो. तापानंतर आपल्यापैकी काही जणींच्या ओठाशी फोड येतात ना, त्या विषाणूच्या घराण्यातलाच हा एक. तो अंगातून पुरता जात नाही. एकदा लागण झालेल्या बहुतेक मांजरांत तो नसांमध्ये झोपून राहतो आणि मांजरावर ताण आला की पुन्हा उठतो. ताण कसला? घर बदललं, घरात दुसरं मांजर आलं, विणं झालं, उपास घडला. दिवाळीनंतर घरची माणसं ऊसतोडीला गेली आणि मांजर मागं एकटं राहिलं, तर तोही ताणच. म्हणून काही मांजरांचे डोळे वर्षातून दोन-तीनदा येतात. त्यात तुमच्या औषधाचा दोष असेलच असं नाही.

दुसरं कारण क्लॅमिडिया नावाचा जिवाणू. यात शिंका कमी असतात, पण डोळ्याची सूज फार असते. आतलं आवरण फुगून पापणीबाहेर डोकावतं. हे दुखणं बहुधा एका डोळ्यात सुरू होतं आणि काही दिवसांत दुसऱ्या डोळ्यात जातं. लहान वयाच्या मांजरांत हे जास्त दिसतं.

तिसरा कॅलिसी विषाणू. यात डोळ्यांपेक्षा तोंड जास्त धरतं. जिभेवर फोड येतात, लाळ गळते, मांजर खाण्याजवळ जातं आणि न खाताच मागं फिरतं. मायकोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्म जंतूही यात भर घालतात.

आणि साथीशी संबंध नसलेली कारणंही आपल्या घरात, शेतात भरपूर आहेत. कडब्याच्या गंजीत मांजर विलं, तर कुसळ, भुसा, धूळ डोळ्यात जाते. मळणीयंत्र चालू असताना अंगणभर धुराळा असतो. हिवाळ्यात मांजर चुलीच्या वैलाशी जाऊन बसतं, तिथं धूर असतो. बोक्यांच्या भांडणात नख लागतं. चुन्याचं पाणी, फवारणीच्या औषधाचा थेंब, अगदी फिनेलनं पुसलेल्या फरशीवरून चालून तोच पाय डोळ्याला चोळणं, यातलं काहीही होऊ शकतं.

म्हणजे बाहेरून दिसायला सगळे डोळे सारखेच: लाल आणि ओले. आतलं कारण मात्र वेगळं. एकाला जे औषध लागू पडतं, त्यानंच दुसऱ्याचा डोळा जाऊ शकतो. म्हणून आमचं सांगणं एकच आहे: आधी बघा, मग औषध.

बघायचं काय?

उजेडात बसा. मांजर मांडीवर घ्या, तोंड बाहेरच्या बाजूला करा. घाई करू नका. पाच गोष्टी बघा.

पहिली, एक डोळा की दोन्ही? एकाच डोळ्याला अचानक झालं असेल, तर कुसळ, नख किंवा मार असा संशय घ्या. दोन्ही डोळ्यांना असेल आणि शिंकाही असतील, तर साथीचं दुखणं असण्याची शक्यता जास्त.

दुसरी, डोळ्यातून येतं काय? स्वच्छ पाणी येत असेल तर दुखणं नुकतं सुरू झालेलं असेल किंवा काहीतरी टोचत असेल. पिवळं-हिरवं, घट्ट येत असेल तर जिवाणूंनी जोर धरलाय.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची, बुबुळावरची काच कशी आहे? निरोगी डोळ्यात ती लख्ख असते, खिडकीचं प्रतिबिंब त्यात सरळ दिसतं. तिथं धुरकट, निळसर किंवा पांढरा डाग दिसला, खड्डा दिसला, तर तिथं जखम आहे असं समजा. आपण ज्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतो, ते अशाच जखमेच्या व्रणातून होतं.

चौथी, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का? एक मोठी आणि एक बारीक असेल, तर दुखणं वरच्या आवरणाचं नाही, डोळ्याच्या आतलं असू शकतं.

पाचवी, मांजर डोळा उघडतंय का? नुसता लाल डोळा मांजर बऱ्यापैकी उघडं ठेवतं. घट्ट मिटून घेत असेल, उजेडाला तोंड लपवत असेल, पंजानं सारखं चोळत असेल, तर वेदना जास्त आहे.

फूल, खड्डा, लहान-मोठ्या बाहुल्या, घट्ट मिटलेला डोळा, बाहेर आलेला डोळा, किंवा रक्त, यातलं एक जरी दिसलं तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाकी साधं पाणी येत असेल आणि मांजर खात-पीत, खेळत असेल, तर स्वच्छता ठेवून एक-दोन दिवस बघायला हरकत नाही. तेवढ्यात उतार पडला नाही, तर दाखवायचं.

डॉक्टर काय तपासतात?

आपल्या आठही तालुक्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. १९६२ हा टोल फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. तिथं फोन करून मांजराबद्दलही विचारा. निदान कुठं न्यायचं ते तरी कळेल. दुखणं अवघड असेल तर लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या दवाखान्यात लहान प्राणीही बघतात.

डॉक्टर डोळ्याला एक केशरी रंगाची कागदाची पट्टी टेकवतात. तो रंग अश्रूंमध्ये पसरतो. बुबुळाची काच अखंड असेल तर रंग वाहून जातो. ओरखडा किंवा जखम असेल तर रंग तिथंच धरून राहतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. हर्पिसच्या जखमा कधी कधी झाडाच्या फांद्यांसारख्या दिसतात. तपासणी दोन-तीन मिनिटांची असते आणि त्यात मांजराला सुई टोचत नाहीत. पण पुढचं सगळं औषध यावर ठरतं, म्हणून "डॉक्टर, रंग घालून बघता का?" असं आपण विचारायला संकोचू नये.

तिसऱ्या पापणीच्या मागे कुसळ अडकलंय का, हेही डॉक्टर औषधानं डोळा बधिर करून बघतात. हे घरी चिमट्यानं करायला जाऊ नका. मांजरानं मान झटकली तर चिमटाच डोळ्यात जायचा.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी आधीच ठरवून जा: कधीपासून आहे, कोणत्या डोळ्यात सुरू झालं, शिंका आहेत का, खातं का, घरात आणखी किती मांजरं आहेत आणि तुम्ही आधी काय घातलं होतं. हे शेवटचं खरं-खरं सांगा. तंबाखू घातली असेल तर तंबाखू सांगा. डॉक्टर रागावले तर रागावू देत, डोळा वाचणं महत्त्वाचं.

कपाटातली नळी आणि घरगुती उपाय

आता जरा कान देऊन ऐका. मांजराचे डोळे जातात, ते निम्मे दुखण्यानं आणि निम्मे आपल्या उपायांनी, असं म्हणायची वेळ येऊ नये.

बहुतेक घरांत माणसाच्या डोळ्याची उरलेली नळी किंवा थेंबांची बाटली असते. आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची, नाहीतर मागच्या साथीतली. त्यातल्या कितीतरी औषधांत स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडनं लाली झटकन जाते, म्हणून वाटतं गुण आला. पण बुबुळावर जखम असेल तर ती भरत नाही, उलट खोल जाते. हर्पिस असेल तर तो आणखी बळावतो. लाली गेली म्हणून आपण निर्धास्त आणि आत मात्र बुबुळाला भोक पडायची वेळ आलेली.

हे ओळखायचं कसं? नळीवर बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं. घरातल्या शिकणाऱ्या लेकीला वाचायला सांगा. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी ही नावं. शेवटी 'सोन' किंवा 'लोन' आलं की थांबायचं. बचत गटाचं लोन चालेल मैत्रिणींनो, मांजराच्या डोळ्यातलं नको! सगळ्याच स्टिरॉइडांच्या नावात हे नसतं, म्हणून खरं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणतीच जुनी नळी वापरू नये. शिवाय उघडून महिना झालेली बाटली माणसालाही वापरायची नसते.

आता घरगुती उपाय. तंबाखूची पिंक, मीठ चावून फुंकणं, कांद्याचा रस, तुरटीचं पाणी, हळद, लिंबू, एरंडेल, अंगावरचं दूध. हे शेळी-गाईला करताना पाहिलेलं असतं, म्हणून मांजरालाही केलं जातं. तंबाखू, मीठ, कांदा, लिंबू हे थेट जाळतात. हळदीचे कण डोळ्यात खुपतात. दूध गोड असतं, त्यात जंतू वाढतात. उपाय करणारीची माया खरी असते, पण सुजलेल्या आवरणाला ती सोसत नाही.

आणखी दोन धोके मांजराच्या बाबतीत लक्षात ठेवा. पॅरासिटामॉल, म्हणजे आपली तापाची पांढरी गोळी, मांजराला विष आहे. एका गोळीनंही मांजर मरू शकतं. ताप आहे म्हणून तुकडा मोडूनसुद्धा देऊ नका. आणि डेटॉल, फिनेल असली जंतुनाशकं मांजराच्या अंगाला, डोळ्याजवळ लावू नका. मांजर अंग चाटतं, ते पोटात जातं आणि त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही.

मग उपचार काय असतो?

जंतुसंसर्ग असेल तर डॉक्टर बहुधा टेट्रासायक्लिन गटाचं किंवा दुसरं प्रतिजैविक मलम देतात. ते दिवसातून तीन-चार वेळा घालावं लागतं. सकाळी एकदा आणि झोपताना एकदा, एवढ्यानं भागत नाही, कारण अश्रूंबरोबर औषध वाहून जातं.

क्लॅमिडिया असेल तर नुसत्या मलमानं तो पुरता जात नाही, कारण तो डोळ्याबाहेरही अंगात असतो. त्यासाठी डॉक्सिसायक्लिन पोटातून द्यावं लागतं आणि ते साधारण चार आठवडे चालतं. घरातल्या सगळ्या मांजरांना एकदम द्यावं लागतं, नाहीतर एक बरं होतं आणि दुसऱ्याकडून परत घेतं. ही गोळी कोरडी देऊ नका. ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकते आणि तिथं जखम करते. गोळीनंतर सुई नसलेल्या सिरिंजनं पाच-सहा मिली पाणी तोंडाच्या कडेनं हळूहळू पाजा. गाभण मांजरी आणि लहान पिल्लांना कोणतं औषध द्यायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

हर्पिससाठी विषाणूविरोधी औषधं आहेत, पण ती महाग पडतात. सौम्य दुखणं असेल तर स्वच्छता, चांगलं खाणं आणि वरून जिवाणू चढू नयेत म्हणून मलम, एवढ्यावरही मांजर दोन-तीन आठवड्यांत सावरतं.

मलम घालायची पद्धत अशी. आधी हात साबणानं धुवा. जुन्या पातळाच्या तुकड्यात मांजराला मानेपर्यंत गुंडाळा, पाय आत राहू द्या. एकीनं धरावं, दुसरीनं घालावं. खालची पापणी ओढून जी खाच होते, त्यात तांदळाच्या दाण्याएवढं मलम सोडा. नळीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. पापणी मिटून क्षणभर थांबा. थेंब आणि मलम दोन्ही असेल तर आधी थेंब, मग पाच-दहा मिनिटांनी मलम. डोळा स्वच्छ दिसला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा. झाल्यावर परत हात धुवा.

घरची काळजी

अर्धा लिटर पाणी उकळून त्यात सपाट पाऊण छोटा चमचा मीठ विरघळवा आणि कोमट होऊ द्या. स्वच्छ कापूस किंवा धुतलेल्या सुती कापडाचे तुकडे त्यात भिजवा. चिपडं वाळलेली असतील तर ओला कापूस मिनिटभर नुसता धरून ठेवा, मग नाकाकडून बाहेरच्या बाजूला अलगद पुसा. ओढून काढू नका, कातडी सोलते. एका डोळ्याचा कापूस दुसऱ्याला लावू नका. वापरलेला कापूस जाळून टाका. पाणी रोज नवं करा.

मांजर वासावर जेवतं. नाक चोंदलं की त्याला अन्नाचा वास येत नाही आणि ते खाणं सोडतं. मोठं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर परिणाम होऊन जिवावर बेतू शकतं. नाक ओल्या कापसानं पुसा. कोंबडीचा रस्सा कांदा-लसूण-मिठाशिवाय वेगळा काढा आणि कोमट करून द्या. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहे. अंडं उकडून कुस्करून द्या.

इथंच खाण्याबद्दल एक गोष्ट सांगतो. दूध-भाकरीवर मांजर जगतं असं आपण धरून चालतो. ते जगतं, कारण वर उंदीर खातं. मांजराच्या शरीराला गाजर-भाजीपासून 'अ' जीवनसत्त्व बनवता येत नाही. ते त्याला मांस, अंडं, कलेजीतून आयतं लागतं. टॉरिन नावाचा घटकही त्याला मांसातूनच मिळतो. तो बराच काळ कमी पडला तर डोळ्याचा आतला पडदा खराब होऊन मांजर आंधळं होतं. म्हणून घरात कोंबडी किंवा मासळी झाली की तुकडा मांजराचाही काढा. कलेजी मात्र थोडीच द्या, रोज नको.

आजारी मांजराची ताटली, पाण्याचं भांडं आणि झोपायचं कापड वेगळं ठेवा. कापड गरम पाण्यात साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा.

पिल्लांचे डोळे: इथं उशीर नको

मांजराच्या पिल्लाचे डोळे जन्मल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. कधी कधी पापण्या उघडायच्या आधीच आत जंतू शिरतात, बहुधा आईकडूनच. मग बंद पापणीच्या आत पू साठतो. बाहेरून डोळा वाटाण्यासारखा फुगलेला दिसतो, कोपऱ्यातून पिवळा थेंब येतो. आपण म्हणतो, अजून डोळे उघडायचेत. आणि तेवढ्यात आतल्या पुवानं बुबुळ खराब होतं. पुढं पापणीचं आवरण बुबुळाला चिकटून बसतं आणि ते पिल्लू जन्मभर धूसर बघतं, नाहीतर बघतच नाही.

म्हणून विलेल्या भाटीची पिल्लं रोज उचलून बघा. फुगवटा दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तोवर कोमट मिठाच्या पाण्याचा कापूस पापणीवर तीन-चार मिनिटं धरा, नाकाकडच्या कोपऱ्यातून हलकेच पुसा. बऱ्याच वेळा एवढ्यानं पापणी सुटते आणि पू बाहेर येतो. सुटली नाही तर बोटानं फाडू नका आणि ब्लेड तर अजिबात नको. एका पिल्लाला झालं की बाकीच्यांचेही बघा. पिल्लू एक दिवस दूध प्यायलं नाही तरी ते धोक्यात असतं.

शेळ्यांना लागेल का?

हा प्रश्न उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्या प्रत्येकीच्या मनात येतो, कारण शेळीवर घर चालतं. शेळ्यांचेही डोळे येतात, बुबुळ पांढरं पडतं आणि ते कळपात भराभर पसरतं. पण त्यांचे जंतू बहुधा वेगळे असतात. मांजराकडून शेळीला लागण होण्याची भीती नाही म्हटलं तरी चालेल. मात्र मांजराची नळी शेळीला वापरू नका. त्यातही क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम असेल, तर दुधा-मांसासाठीच्या जनावरांना ते वापरायला बंदी आहे. आणि शेळीच्या डोळ्याबरोबर नाकातून घाण, तोंडात फोड, ताप आणि हगवण असेल, तर तो पीपीआर असू शकतो. त्याला डोळ्याचं दुखणं समजून बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.

तुम्ही विचारता ते प्रश्न

*मांजरामुळे घरातल्यांचे डोळे येतील का?*
सहसा नाही. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत आणि मग राज्यभर डोळ्यांची मोठी साथ आली, ती माणसाकडून माणसाला पसरणाऱ्या विषाणूची होती. मांजराचा हर्पिस आणि कॅलिसी माणसाला होत नाहीत. क्लॅमिडिया क्वचित लागू शकतो. म्हणून मांजराच्या डोळ्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे आणि लेकरांना त्या दिवसांत मांजराच्या तोंडाला तोंड लावू द्यायचं नाही. एवढी काळजी पुरते. मांजराला रानात नेऊन सोडायचं काही कारण नाही.

*लस असते का?*
असते. हर्पिस, कॅलिसी आणि मांजराच्या जीवघेण्या हगवणीवर मिळून एकच लस येते. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झालं की सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस देतात. लसीनं लागण टळेलच असं नाही, पण दुखणं हलकं जातं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर वेगळी द्यायची.

*औषध घालताना मांजर चावलं, ओरबाडलं तर?*
जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा. मांजर घरचं आहे म्हणून टाळू नका. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, जखम चिघळते.

तर मैत्रिणींनो, वहीत तीनच ओळी लिहून ठेवा. बुबुळावर डाग दिसला किंवा डोळा घट्ट मिटलेला असला, तर त्याच दिवशी दवाखाना. 'सोन-लोन'ची नळी आणि तापाची गोळी मांजरापासून लांब. पिल्लाची बंद पापणी फुगली, तर उघडायची वाट बघायची नाही.

आणि दवाखान्यात मांजर पिशवीत घेऊन गेलात आणि कोणी हसलं, तर त्यांना एवढंच विचारा: तुमच्या घरात उंदीर किती आहेत?

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार!